जिन्यातला हिरवा पाइप

आमच्या सासऱ्यांनी पाणीपुरवठा खात्यात तीस वर्षं काढली, पण ती सगळी आवक-जावकच्या टेबलावर. त्यांनी पान्हा हातात धरलेला खात्यातसुद्धा कुणी पाहिला नसेल. तरी घरात नळाबद्दल एक शब्द काढला की यांचं ठरलेलं, "मला शिकवू नका." बरं, नाही शिकवत.

घर बांधलं तेव्हा पाइप यांनीच निवडले, लोखंडी. फाटकाजवळच्या मीटरपासून जिन्याच्या भिंतीवरून थेट वरच्या बाथरूमपर्यंत. दरवर्षी त्याला हिरव्या ऑइलपेंटचे दोन हात, तेही स्वतः स्टुलावर चढून. इतके लाड या घरात माझ्या नवऱ्याचेही झाले नाहीत, आणि तो एकुलता एक. पाइप बाहेरून लखलखीत, आणि वरच्या शॉवरमधून पाणी येणार थेंब थेंब, जसं काही आमच्यावर उपकारच.

यावर सासऱ्यांनी शोध लावला, थाळीचा. वर आंघोळीला जाताना स्टीलची थाळी आणि चमचा घेऊन जायचं. एकदा वाजवली की खालचा नळ बंद करा. दोनदा वाजवली की अंगाला साबण लागलाय, जीव घेऊन पळा आणि बंद करा. पाहुणे विचारायचे, वर काय चाललंय हो? मी सांगायचे, आंघोळ.

खात्याची माणसं तीनदा येऊन गेली, सासऱ्यांच्याच अर्जांवर. मीटरपाशी प्रेशर मोजलं, चोख निघालं. "यांचं यंत्रच बिघडलंय," सासरे म्हणाले. नवरा तिथेच उभा होता. पाइप आतून गंजलाय हे त्याला कळत नव्हतं थोडंच! पण वडिलांसमोर हा मूग गिळून गप्प. मग हळूच जाऊन ताटाएवढा नवा शॉवर घेऊन आला. आधी एका जागी ठिबकायचं ते आता चाळीस जागी ठिबकायला लागलं. शाबास रे पठ्ठ्या!

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण सासूबाई पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, आणि वरच्या खोलीतून त्यांचं खाली उतरणं बंद झालं. डॉक्टर म्हणाले, भिंतीला दांडा लावा, खाली स्टूल ठेवा, वरून धड पाणी पडलं तर या आपली आंघोळ आपण करतील. वाकून बादलीतून घ्यायचं नाही मात्र. वरून पाणी पडलं तर! तेव्हापासून आठ महिने मी खालून बादल्या नेऊन त्यांच्या अंगावर तांब्याने पाणी घालत होते.

सासूबाई नर्स होत्या. आंघोळीच्या वेळी त्या डोळे मिटून घ्यायच्या. एकदा म्हणाल्या, "मी पेशंटना आंघोळ घालायचे तेव्हा तेही असेच डोळे मिटायचे गं. मला वाटायचं, साबण जात असेल." मी पाठ चोळत राहिले.

यावर बापलेकांनी तोडगा काढला. सोमवारपासून आंघोळ घालायला बाई ठेवायची. "तुझीही सुटका होईल," नवरा मला म्हणाला, मोठं औदार्य दाखवल्यासारखं. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. "परक्या बाईसमोर नको गं मला," एवढंच म्हणाल्या. माझं डोकंच फिरलं. आपला पाइप कापला तर यांचा जीव जातो, आणि बायकोची लाज परक्या हाती द्यायला काही वाटत नाही!

शनिवारी सासऱ्यांचे डोळे तपासायचे होते. नवरा त्यांना घेऊन गेला. डोळ्यांच्या दवाखान्यात अर्धा दिवस कुठेच जात नाही. गाडी कोपऱ्यावरून वळली आणि मी आधीच सांगून ठेवलेल्या प्लंबरला आत घेतलं.

त्याने मीटरजवळचा सांधा सोडला तसं पाणी उसळून त्याच्या छातीवर आलं. "ताई, इथे तर पूर आलाय," शर्ट पिळत तो म्हणाला. मेन कॉक बंद करून जिन्यात आला, पाइपावरून हात फिरवला. "रंग झकास आहे. पण साहेबांना विचारलंत ना? नंतर माझ्यावर शेकायला नको."

मी तोंड उघडणार इतक्यात वरून आवाज आला. जिन्याच्या वरच्या पायरीपाशी सासूबाई वॉकर धरून उभ्या होत्या.

"कापा," त्या म्हणाल्या. "घर माझंही आहे."

पाइप कापला. फरशीवर तांबडा गाळ सांडला. आत गंजाचे इतके थर की माझी करंगळी जाईना. "यातून थेंब तरी येत होता, हेच नवल," प्लंबर म्हणाला आणि कामाला लागला. दोन वाजेपर्यंत मीटरपासून वरपर्यंत नवा प्लास्टिकचा पाइप बसला.

सासूबाईंनी टॉवेल खांद्यावर टाकला. सवयीने मीही मागोमाग निघाले.

"तू बाहेर थांब," त्या म्हणाल्या आणि आतून कडी लावली.

मी दाराला कान लावून उभी. पाय घसरला तर? स्टूल सरकलं तर? मग शॉवर सुरू झाला. धो धो आवाज आला आणि मला रडूच फुटलं.

तेवढ्यात खाली फाटक वाजलं. अंगणात हिरव्या पाइपाचे तुकडे पडलेले. "कुणी कापला? कुणाला विचारून?" करत सासरे दणदण जिना चढून आले. मागे नवरा, "बाबा, बीपी वाढेल," म्हणत. मी दारापासून हलले नाही. त्यांनी माझ्या डोक्यावरून दारावर थाप मारली.

"बाहेर ये! आधी मला उत्तर दे! माझा पाइप कुणी कापला?"

"काय म्हणता?" आतून सासूबाई.

ते पुन्हा ओरडले, दुप्पट जोरात. एवढं ओरडले की शेजारच्यांनी खिडक्या उघडल्या.

"ऐकू येत नाही हो," सासूबाई म्हणाल्या. "पाणी फार जोरात आहे."