आत आला: धाकटा

बाहीचा गोलावा काढताना हात थांबला, की रेघेला तिथं गाठ पडते. खोडली तरी दिसते.

*

दूध आपोआप उकळतं. मग ते ओट्यावर असतं.

*

मागच्या खोलीतल्या संगणकाचा पंखा. कोणी गाढ झोपेत श्वास घ्यावा तसा.

*

"मग त्यांनाच द्या ना फोन."

*

यंत्र तापतं, बंद पडतं, जळतं. त्याचं बोट मात्र घसरत नाही.

*

चिंध्या एवढ्याच. आता कापड.

ताई शिवण शिकवायची. पुढच्या खोलीत तिचा वर्ग भरायचा. वर्गापेक्षा मोठं दुकान होतं वेबसाइटवर, आणि घर चालायचं ते त्याच्यावर. कपडे बेतायचे कागदी नमुने तिथं मिळायचे, झबल्यापासून कोटापर्यंत. कुठलीतरी बाई कुठूनतरी नमुना उतरवून घ्यायची, छापायची, कापडावर टाचायची आणि कात्री चालवायची. ताईच्या हयातभराच्या रेघा त्या दुकानात होत्या.

दुकानासाठी तिच्या भावानं, म्हणजे धाकट्यानं, सर्व्हर भाड्यानं घेतला होता. सर्व्हर म्हणजे दूर कुठल्यातरी थंड खोलीत अखंड जागा असलेला संगणक. आधीचा सर्व्हर दहा बिऱ्हाडांत वाटलेला होता. शेजाऱ्याकडे गर्दी झाली की ताईचं दुकान रांगायला लागायचं. म्हणून मग अख्खं यंत्र एकट्या ताईचं. त्याची निगा धाकटाच राखायचा. रोज सकाळी मागच्या खोलीतून आत शिरायचा, नव्या दुरुस्त्या चढवायचा, कुलपं तपासायचा. त्याची फेरी झाली की सर्व्हर ताईच्या फोनवर संदेश टाकायचा:

आत आला: धाकटा. कुठून: घरून. दुरुस्त्या चढवल्या. बाकी ठीक. जा कामाला.

शेवटचं वाक्य खास ताईसाठी. ती चहा घेऊन रेंगाळत बसायची ना, म्हणून.

"हे आपोआप होत नाही का रे?" तिनं एकदा विचारलं होतं.

"होतं की. दूधपण आपोआप उकळतं," धाकटा म्हणाला. "समोर कोणीतरी उभं लागतं, ताई."

मग धाकटा आजारी पडला. मग गेला.

संदेश येत राहिला.

*

पहिल्यांदा आला तेव्हा ताईनं तो तीनदा वाचला. आत आला: धाकटा. कुठून: घरून. तिनं स्वतःची समजूत काढली, लावून ठेवलं असेल त्यानं जाता जाता काहीतरी. पण 'आपोआप' म्हटलं की नाक मुरडणारा तो, तो लावून ठेवेल? हा प्रश्न तिनं चहाबरोबर गिळला. मागच्या खोलीचं दार उघडून बघितलं असतं तर सगळा उलगडा झाला असता. तो गेल्यापासून तिनं त्या दाराकडे पाठच केली होती. झाडलोट आई करायची, ती पुरे.

आणि खरं सांगायचं तर तिला उलगडा नकोच होता. सकाळी फोन किणकिणला की तिला बरं वाटायचं. भीतीही वाटायची, पण बरं वाटण्याच्या आतल्या बाजूनं, अस्तरासारखी. "जा कामाला" वाचून ती मुकाट्यानं उठायची.

एका सकाळी संदेशात जास्तीचे शब्द होते.

आत आला: धाकटा. कुठून: घरून. पासवर्ड दोनदा चुकला, मग बरोबर.

ताईच्या अंगावर सर्रकन काटा आला. लावून ठेवलेलं यंत्र चुकेल कशाला? चुकायला बोट लागतं.

त्या दिवशी वर्गात तिनं उजव्या खांद्याला डावी बाही लावून दाखवली. मुली तोंडाला पदर-ओढण्या लावून हसल्या. एक म्हणाली, "मॅडम, हा माणूस चालणार कसा, उलटा?" ताईही हसली, आणि उसवत बसली.

*

त्याच आठवड्यात एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन. "अहो मास्तरीणबाई, तुमच्या दुकानातून मला टक्कल घालवायच्या तेलाची पत्रं येताहेत. झबली सोडून हे कधीपासून?"

मागोमाग सर्व्हर भाड्यानं देणाऱ्या कंपनीचा इशारा आला. तुमच्या यंत्रातून कचरापत्रं सुटताहेत. बंद करा, नाहीतर आम्ही तुमची जोडणी तोडतो.

ताईनं त्यांच्या मदतकक्षाला फोन लावला. तिथला माणूस भला होता, पण कुठं अडला की "कळवतो" म्हणायचा, म्हणून ताईनं मनातल्या मनात त्याचं नाव कळवतोसाहेब ठेवून टाकलं.

"तुमचंच यंत्र आहे, तुम्हीच बंद करा की ती पत्रं," ती म्हणाली.

"यंत्र आमचं, ताई. वीज, नेटची केबल, खोली थंड ठेवणं, डिस्क मेली तर बदलून देणं, एवढं आमच्याकडे. आतलं सगळं तुमचं. तुमचा अनमॅनेज्ड आहे ना."

"म्हणजे शिलाई मशीन भाड्यानं दिलंत, तेल घालायचं, सुई बदलायची, ते मी बघायचं."

"अगदी! आणि मॅनेज्ड घेतलात की आमचा कारागीर तेलही घालतो. दुरुस्त्या, कुलपं, बॅकअप, सगळं. फक्त मशीन उघडायचा पाना मग आमच्याकडे राहतो. तुम्हाला पुढची बटणं."

"आणि हे चोर शिरले कुठून?"

"बहुतेक पासवर्ड सोपा असणार. चोरांची यंत्रं दारोदार फिरून सोपे सोपे शब्द ठोकून बघतात. आत रोज कोण जातं तुमच्याकडून?"

ताईच्या समोर सकाळचा संदेश उघडाच होता. तिच्या तोंडून निघून गेलं, "माझा भाऊ."

"मग त्यांनाच द्या ना फोन."

मागच्या खोलीतला पंखा तेवढा ऐकू येत होता.

"कळवते," ताई म्हणाली.

*

दुसऱ्या सकाळी तिनं चहा केलाच नाही. मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. आत कळफलक वाजत होता. टक्. बराच वेळ काही नाही. टक्. धाकटा असा वाजवायचा नाही, तो पत्र्यावर गारा पडल्यासारखा वाजवायचा. हे बोट दबकत येत होतं. चाचपडत. जिथून हा आता येत असेल तिथं काळोख असेल, असं ताईच्या मनात आलं.

तिनं दार ढकललं.

धाकट्याच्या खुर्चीत, उशी घेऊन उंच होऊन, आई बसली होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर. एक बोट हवेत.

"घाबरवलंस मला!" आई म्हणाली. "खोकून तरी यावं माणसानं."

"आई, तू काय करतेस इथं?"

"फेरी. त्यानं शिकवली ना मला, आजारात. म्हणाला, दुखायला लागलं की मला बसवत नाही, तू नुसती आत जा, बाकीचं मी बांधून ठेवलंय. आत गेलं की पळतं सगळं आपलं आपण. मी समोर उभी. बसलेली."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू दाराकडे बघायचीस तरी का?"

ताई खुर्चीजवळ आली.

"आणि पासवर्ड?"

"आईआई. दोनदा आई," आई म्हणाली, जरा लाजून. "आधीचा केवढा लांब होता, आगगाडीसारखा. माझ्या लक्षात राहीना. म्हणून त्यानं सोपा केला. तरी मेलं बोट घसरतं कधीकधी."

कुलपावर कुलूप लावणारा धाकटा. आईला ठेच लागू नये म्हणून त्यानं उंबराच काढून टाकला होता, आणि त्याच वाटेनं चोर आले होते.

फेरी संपलेली होती, ताईच्या हातातला फोन किणकिणला, तरी आई उठेना. तिनं एकेक अक्षर शोधून काहीतरी लिहिलं. इंग्रजी अक्षरांत मराठी: जेवलास का. शेवटचं बटण दाबलं.

न कळणारा शब्द दिला की असली यंत्रं एरवी एक कोरडं वाक्य तोंडावर मारतात. धाकट्यानं ते बदललेलं होतं. पडद्यावर आलं:

आई, हे नाही कळलं. परत सांग.

आईनं परत लिहिलं. पडदा परत तेच म्हणाला. आईनं परत लिहिलं.

ताईला तिथं उभं राहवेना. "आई, अगं ते यंत्र आहे."

"मग मला काय भूत वाटलं?" आई फणकारली. "चांगली कळतात मला यंत्रं. पण तो दुसरं काय म्हणायचा गं मला? सदानकदा कानात ती बोंडं. दहा वेळा हाका माराव्यात, मग एक बोंड काढणार: काय? परत सांग." तिनं पडद्यावरची धूळ पदरानं पुसली. "तेवढंच रोज काढून घेते त्याच्याकडून."

*

ताईनं कळवतोसाहेबाला खूप छळलं. पासवर्ड लांब करते, मग? नाही, चोर आत काय काय पेरून गेलेत कोण जाणे. पुसून नव्यानं मांडायलाच हवं. बाहेरचा माणूस पगारावर ठेवला तर? तोही आधी पुसणारच. बरं, मॅनेज्ड घेते, दुकान नवीन मांडणीत जाईल ना? जाईल, नमुना न् नमुना तपासून जाईल. आणि एक वाक्य आहे, तेवढं तिकडे ठेवता येईल?

"कसलं वाक्य?"

तिनं सांगितलं.

कळवतोसाहेब पहिल्यांदाच "कळवतो" म्हणाला नाही. "ठेवलं असतं, ताई. पण ते वाचायला आत यावं लागतं. आणि मॅनेज्डमध्ये आत आम्हीच."

ताईनं आईला सगळं सांगितलं. कोट, झबली, चोर, टकलाचं तेल. आईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दुकान गेलं तर त्यालाही आवडायचं नाही. दे किल्ली." आणि थोड्या वेळानं, "उद्या सकाळची फेरी मात्र मी करणार."

ती केली. दुपारी तिकडे यंत्र पुसलं गेलं.

*

आता सकाळचा संदेश कंपनीकडून येतो. सर्व सेवा सुरळीत. आपला विश्वासू मदतकक्ष. कोण आलं, कुठून आलं, काही नाही. कामाला जा म्हणून कोणी सांगत नाही. दुकान पळतंय. तेलाची पत्रं थांबली.

आई मात्र अजून मागच्या खोलीत जाते. पहिल्या दिवशी पडद्यावर 'परवानगी नाही' आलं, तेव्हा ती म्हणाली, "हा कोण परका?" दुसऱ्या दिवशीही तेच आलं. तिसऱ्या दिवशी तिनं संगणक नुसता चालू केला आणि पंखा ऐकत बसली.

ताई पुढच्या खोलीत कागदावर बाही काढत होती. आतून टक् आलं. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्, कुठंच न जाणारं. ताईचा हात गोलाव्यावर थांबला. रेघेला गाठ पडली.

"काय?" ती तिथूनच ओरडली. "ऐकू नाही आलं. परत सांग."

आवाज तिचाच होता, पण हेल तिचा नव्हता. काय-वरचा तो वैताग, परत-मधला तो आळस. ताईच्या अंगावर रोमांच उभे राहिले, मागे कोणीतरी खुर्ची सरकवून उठल्यासारखे. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

मागच्या खोलीत कळफलक थांबला. कितीतरी वेळ नुसता पंखा.

"जेवलास का, म्हटलं," आई म्हणाली.

सर्व्हर घ्यायचा होता तेव्हा धाकट्यानं विचारलं होतं, सांभाळणारी माणसं सोबत घ्यायची की नुसतं यंत्र, आणि ताई मापाच्या टेपवरून नजर न काढता म्हणाली होती, "नुसतं यंत्र घे, तू आहेस की."