सातवी शाल

राजनंदिनीने सातवा फोटो गाडीच्या बॉनेटवर मांडला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर गाडीचीच किल्ली ठेवली.

सातही फोटोंत तिचे वडील, अर्जुनराव होते. प्रत्येकात खांद्यावर शाल, हातात नारळ आणि शेजारी दात काढून उभा असलेला शोरूमचा मॅनेजर. प्रत्येक फोटोखाली एकच ओळ छापलेली : ‘दुरुस्तीबाबत माझे पूर्ण समाधान झाले असून माझी कोणतीही तक्रार नाही.’ आणि त्याखाली त्यांची झोकदार सही.

“कंपनीनं जबाबाला हे जोडलंय,” ती म्हणाली. “राज्य ग्राहक आयोगात. आपण म्हणतोय गाडी सातदा बंद पडली. ते म्हणतात, सातही वेळा साहेब खूश होऊन गेले.”

अर्जुनरावांनी एक फोटो उचलला, हात लांब करून बघितला.

“ह्यात पोट लईच दिसायलंय माझं.”

“अण्णा!”

त्यांनी फोटो खाली ठेवला. पत्र्याच्या शेडमध्ये गाडी दोन महिने उभी होती. ब्याऐंशी लाखांची. तिच्या काळ्या रंगावर शेजारच्या त्यांच्याच जिनिंग कारखान्यातून उडून आलेल्या कापसाचे तंतू बसले होते.

राजनंदिनीकडे एक वही होती. भौतिकशास्त्र शिकताना प्रयोगांसाठी आखायची तशीच आखलेली : दिनांक, किलोमीटर, बाहेरचं तापमान, किती मिनिटं गाडी चालली. पहिल्या सहा नोंदी सारखंच सांगत होत्या. अडतीस अंशांच्या वर ऊन आणि सलग चाळीस मिनिटं गाडी चालली, की इंजिन मरायचं. स्टिअरिंग दगडासारखं जड व्हायचं. शोरूमवाले आधी म्हणाले, डिझेल भेसळीचं आहे. मग म्हणाले, चालवणाऱ्याची सवय वाईट आहे.

सातवी नोंद घाटनांदूरच्या रेल्वे फाटकाची होती. तेव्हा गाडी ती स्वतः चालवत होती, शेजारी आई. चाकं रुळांवर असताना इंजिन बंद पडलं. आईच्या गुडघ्यांमुळे तिला त्या उंच गाडीतून चटकन उतरता येईना. फाटकवाला लाल झेंडी घेऊन रुळांवरून पळत सुटला, आणि केळीच्या गाड्यावरच्या चौघांनी गाडी ढकलून बाहेर काढली. त्या दिवसापासून आई कुठल्याही गाडीत दाराच्या खटक्यावर हात ठेवूनच बसते. वहीत मात्र एवढंच होतं : एक्केचाळीस अंश, सेहेचाळीस मिनिटं.

त्याच संध्याकाळी अर्जुनराव दोन जीपा भरून माणसं घेऊन शोरूमवर गेले होते, काचा फोडायला. परत आले ते सातवी शाल घेऊन.

“सही करायच्या आधी वाचलं कावून न्हाई तुमी?”

“मॅनेजर शाल घालायलाय, फोटोवाला ‘साहेब, इकडं बघा’ म्हणायलाय, आन् मी काय चष्मा लावून वाचत बसू? मानाला न्हाई म्हणता येत न्हाई, नंदे.”

“मग आता हे प्रतिज्ञापत्र द्यावं लागंल. आपल्या वकिलांनी मसुदा पाठवलाय. सत्काराच्या गडबडीत कागद पुढं केला, न वाचता सही केली, असं.”

“म्हंजी अर्जुनरावाला नारळावर गुंडाळलं, असं लिहून देऊ? जिल्हाभर हसतील. त्यापरीस बैलं जुंपतो गाडीला आन् हलगी लावून शोरूमपर्यंत वढत नेतो.”

“न्या. गिअरबॉक्स जाईल. मग तपासणीत निघंल, गाडी बैलांनी बिघडवली. आयोगाचा तज्ज्ञ येईपर्यंत कुणी हात लावायचा न्हाई तिला.”

तिचा आवाज चढला. किल्लीखालच्या फोटोचे कोपरे फडफडत होते. तिने ते तळव्याने दाबून धरले.

“काय डोकं आहे बघा हलकटांचं! चिडलेला माणूस आला की भांडायचं न्हाई. मान द्यायचा, आन् मानाच्या आडून सही घ्यायची. कुठं शिकले असतील हे?”

अर्जुनराव जिनिंगच्या फाटकाकडे बघत राहिले.

छबुबाई चहा घेऊन आली. ट्रे तिने डाव्या हातावर तोलला होता, उजव्या हाताचा नुसता आधार. त्या हाताला अंगठा आणि एक बोट, एवढंच उरलं होतं. सहा वर्षांपूर्वी ती अर्जुनरावांच्या जिनिंगवर कामाला होती. नंतर घरकामाला आली. ट्रे ठेवता ठेवता तिची नजर फोटोंवर गेली. तिला वाचता येत नव्हतं, पण शाल आणि नारळ ओळखायला वाचता यायची गरज नव्हती.

“मालकाला बी घातली का शाल?” तिने साधेपणाने विचारलं. “मला बी घातलती. नारळ बी दिलता.”

राजनंदिनीला तो दिवस आठवला. बारावीची सुट्टी, नवा मोबाईल. छबुबाईचा फोटो तिनेच काढला होता. ‘मावशी, हसा की,’ असंही म्हणाली होती.

“मावशी, तवा कागद होता का?”

“हुता की. अंगठा घेतला. डाव्या हाताचा. उजव्याला पट्टी हुती नव्हं.”

“छबुबाई, चहा झाला. जा आता,” अर्जुनराव म्हणाले. मग लगेच, मऊ आवाजात, “नंदे, दे तो मसुदा इकडं. तू म्हणतीस ते बराबर हाय. करतो सही. हसू दे जिल्ह्याला.”

महिनाभर ती याच वाक्याची वाट बघत होती. तिने कागद पुढे केला. अर्जुनरावांनी खिशातलं पेन काढलं आणि बॉनेटवर टेकवून झोकात सही केली. न वाचता.

“झालं समाधान?”

तिने कागद घडी करून पाकिटात घातला. मग वहीचं कोरं पान उघडलं.

“मावशी, जाऊ नका. बसा इथं.”

छबुबाईने मालकाकडे बघितलं. मालक चहाच्या कपाकडे बघत होते. ती हळूच शेडच्या पायरीच्या कडेला टेकली.

राजनंदिनीने आखलेल्या रकान्यांतला ‘किलोमीटर’ खोडला आणि वर लिहिलं, ‘कोणतं यंत्र’.

“महिना कोणता होता?” तिने विचारलं.