न भाजलेला राब

चंद्रभागेच्या मुलाचं, जानूचं लग्न झालं ते १९७९ साल. मांडव उतरवला नाही तोच पुण्याहून ललिताताई कशेडी घाटाखालच्या त्या वाडीवर आल्या. ढगांचा अभ्यास करणारी बाई, सोबत आभाळात सोडून ढग तपासायचा मोठा पांढरा फुगा! सगळी वाडी बघायला लोटली.

"ढगातला थेंब धुळीच्या, धुराच्या कणावर धरतो," ताई सांगू लागल्या. "पण धूर फार झाला तर थेंब बारीकच राहतात, पाऊस पडत नाही, असं काहीजण म्हणतात. काही म्हणतात, उलट जास्त पडतो. नक्की कुणालाच ठाऊक नाही. तुम्ही राब भाजाल, तेव्हा एक उतार तेवढा न भाजता ठेवाल का?"

राब म्हणजे भाताची रोपं करायची जागा. पाला, शेण अंथरून ती पावसाआधी भाजायची. नाही भाजली तर रोपांत तण माजतं, वर्षाचं भात जातं.

"माझा ठेवते," चंद्रभागा बोलली. पुण्याच्या लोकांना जे ठाऊक नाही ते आपल्या उतारावर कळणार, एवढंच तिच्या डोक्यात.

"वयनी, डोका फिरला काय तुझा?" दीर कुशाबा ओरडला. "राब भिजला तं खाशील काय, फुगा?"

"तुझ्या घरी येऊन जेवीन. पेटव तुझा!"

ओढ्याच्या अलीकडे तिचा उतार, पलीकडे कुशाबाचा. दुपारी ढग चढले तसा त्याने राब पेटवला. धूर आभाळाला भिडला, फुगा सुटला. लहानथोर माना वर करून उभे. पलीकडचा ढग काळा झाला, फुगला, पण थेंब गाळीना. आणि अलीकडे टप टप, टप टप! पहिला थेंब चंद्रभागेच्या कपाळावरच.

"धुरान अडवला गो पाऊस! धुरान अडवला!" ती भिजत नाचू लागली. मग राब आठवला. पाला ओढ्याला वाहून चालला होता.

ताईंचे डोळे चमकत होते, तरी त्या म्हणाल्या, "एका दुपारवरून सांगता येत नाही. वाऱ्यानेही झालं असेल. पुढच्या वर्षी उतार बदलून बघायला हवं."

सगळ्यांनी कुशाबाकडे पाहिलं. त्याने डोकं खाजवलं. "यंदा माझ्या राबात निम्मी रोपं वयनीची. न् फुडल्या साली माझा भाजायचा नाय."

पुढच्या साली दोन्ही उतारांवर धो धो पडला! वाडी हसून लोळली.

"आता गो बाय?" चंद्रभागेने ताईंना विचारलं.

"आता पुन्हा!"

मग दर साली पाळी ठरली. ज्याचा राब जाईल त्याला दुसऱ्याने जागा द्यायची. जसजसं एका सालाचं दुसऱ्याशी जुळेना, तसतशी चंद्रभागेची हौस वाढतच गेली.

१९८५ ला पाळी तिची होती. जानूने राब न भाजता ठेवला, फुगाही त्यानेच सोडला. चंद्रभागा त्याच सालच्या माघात तापाने वारली होती.