मधोमध मोजलेली जाळी

मित्रांनो, मी जाळी आहे, पण माझ्यात आजवर एकही मासा सापडला नाही. मला सापडले ते चेंडू. मी व्हॉलीबॉलची जुनी जाळी आहे. रंगाने काळी, कडेला पांढरी पट्टी, आणि अंगावर इतक्या गाठी की त्या मोजायला बसलात तर तुमचा अभ्यास राहील.

साकीनाक्याच्या एका लहानशा गाळ्यात माझा जन्म झाला. शेजारच्या गाळ्यात दिवसभर लोखंड कापत असत. त्या आवाजात चार बाया मांडी घालून मला विणत होत्या. शेवटची गाठ कमल नावाच्या बाईंनी मारली, दाताने दोरा तोडला आणि मला झटकून म्हणाल्या, "जा, कोणाच्या तरी कामी ये." तेवढा आशीर्वाद घेऊन मी मरोळच्या एका शाळेच्या मैदानावर आले. दोन लोखंडी खांब, मधे मी, आणि माझ्या पट्टीतून ओवलेली पोलादी तार. तीच माझी पाठ. तार ताठ, तर मी ताठ.

त्या शाळेच्या फाटकाशी पार्वतीबाई बसत. वेसाव्याच्या कोळीण. सकाळी मासळीची पाटी घेऊन येत आणि दुपारपर्यंत मरोळच्या गल्ल्या फिरत. अकरा वर्षांची लेक मंजुळा बरोबर असे. आई फिरायला निघाली की लेक माझ्यापाशी. आधी ती नुसती माझ्याखालून पळायची. मग उडी मारून माझ्या पट्टीला बोट लावायचा नाद तिला लागला. ज्या दिवशी बोट लागलं, त्या दिवशी ती घरी जायलाच तयार नव्हती. माझ्याच अंगणात ती वाढली, मित्रांनो. शाळेकडून खेळली, जिल्ह्याकडून खेळली, राज्याकडून खेळली. उडी अशी, की वाटे वरून कोणी हात धरून उचललंय.

एकोणीसशे पंच्याऐंशी साल उजाडलं आणि बातमी आली. अंधेरीत महिलांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा होणार. सहा देशांचे संघ येणार. सामने होणार होते मोठ्या मैदानावर, नव्याकोऱ्या जाळीवर. पण आपल्या देशाच्या संघाचं शिबिर आणि पाहुण्या संघांचा सराव आमच्या मरोळच्या मैदानावर. म्हणजे माझ्यावर. खांबांना नवा रंग लागला आणि मला साबणाच्या पाण्याने धुतलं. मी वाऱ्यावर वाळत होते आणि मनात म्हणत होते, कमलबाई, बघा, आले कामी.

शिबिरात पंधरा मुली होत्या. संघात बारा घ्यायच्या. अकरा नावं ठरली. बाराव्या जागेसाठी दोघी उरल्या: एक आमची मंजुळा, दुसरी घाटकोपरची सुलक्षणा. सुलक्षणा गिरणी कामगाराची पोर, मूळची कोकणातली, जिभेने तिखट आणि खांद्याने त्याहून तिखट. ती खांबाजवळून, कडेने चेंडू मारी. मंजुळा मारी मधून, अगदी माझ्या पोटासमोरून. शिबिराच्या प्रमुख होत्या नलिनीताई. स्वतः देशाकडून खेळलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी सांगितलं, "उद्या दोघींनी दहा-दहा चेंडू मारायचे. जिचे जास्त पडतील ती बारावी. संध्याकाळी पाचला यादी द्यायची आहे."

आणि त्याच संध्याकाळी माझी तार तुटली. गंजली होती बिचारी. मी मधोमध मोडून जमिनीवर पडले. नवी तार मिळायला दोन दिवस लागणार होते.

मंजुळाने घरी जाऊन सांगितलं असणार, कारण सकाळी पार्वतीबाई पाटीबरोबर नायलॉनची जाड दोरी आणि विणायची लाकडी सुई घेऊन आल्या. नलिनीताईंना म्हणाल्या, "बाई, जाळं म्हणजे आमच्या घरचं काम. द्या इकडं."

त्यांनी मला मांडीवर घेतलं. माझी फाटलेली चौकोनी घरं जोडली, पट्टीतून दोरी ओवली आणि हलक्या आवाजात गात राहिल्या:

एक गाठ बाई घालू दर्याच्या गं देवाला,
दुजी गाठ बाई घालू लेकीच्या गं नावाला.

अशा हातांनी मला कोणी शिवलं नव्हतं. दोरी दोन्ही खांबांना बांधून झाल्यावर नलिनीताईंनी मोजकाठी आणली. या खांबाशी दोन मीटर चोवीस. त्या खांबाशी दोन मीटर चोवीस. बरोबर.

सुलक्षणाने आधी मारले. दहातले आठ पडले. मग मंजुळा. मधून उडाली आणि चेंडू धाडकन पलीकडे. दुसरा, तिसरा, चौथा. दहातले नऊ. मुलींनी टाळ्या वाजवल्या. सुलक्षणा घाम पुसत म्हणाली, "मंजे, आईने जाळं टाकलं आणि तुला मासळी. झकास चाललंय तुमचं."

"तू पाणी पी गप," मंजुळा हसली.

हसली नव्हती ती एकच बाई. खांबाला टेकून पार्वतीबाई माझ्याकडे बघत होत्या. नुसत्या डोळ्यांनी जाळं ओळखणारी बाई ती. मला जे सकाळपासून ठाऊक होतं आणि बोलता येत नव्हतं, ते त्यांना आत्ता दिसलं. नलिनीताईंनी कागद काढला, पेनाचं टोपण उघडलं.

"बाई, नाव लिहू नका जरा."

"का हो पार्वतीबाई?"

"जाळं मधी खाली आलंय. चार बोटं तरी. माझ्याच हातानं."

मंजुळा धावत आली. "आये, बास गो. मोजलंय ना त्यांनी."

"कडेला मोजलंय. मधी कोणी बघितलं?"

"मग तुला कशाला बघायचं होतं? बारावं नाव माझं लिहीत होत्या त्या."

पार्वतीबाईंनी लेकीकडे पाहिलं नाही. नलिनीताईंनी मोजकाठी माझ्या मधोमध उभी केली. दोन मीटर सतरा. सात सेंटिमीटर कमी. मंजुळा नेमकी तिथूनच मारत होती; सुलक्षणाची कड मात्र बरोबर होती.

"एवढं ढिलं का बांधलंत?" नलिनीताईंनी विचारलं.

"दर्यात ताठ जाळं टिकत नाय, बाई. भरतीचं पाणी आलं की तुटतं. म्हणून दोरीला झोळ द्यायचा. लहानपणापासून हाताला तेच वळण. इथं पाणी नाय, हे ध्यानातच आलं नाय."

मग पार्वतीबाईंनी पदर खोचला, चार मुलींना हाताशी घेतलं आणि दोरी ओढायला लागल्या. नायलॉन करकरलं. काठी पुन्हा मधोमध उभी राहिली. दोन मीटर चोवीस. आता मी अशी ताठ होते, की वाऱ्यानेसुद्धा हलत नव्हते.

मंजुळाने पुन्हा मारायला घेतलं. पहिला चेंडू माझ्या पोटात. दुसरा माझ्या पोटात. तिसराही. मित्रांनो, मला वळून बाजूला होता आलं असतं, तर झाले असते का? त्या पोरीने पहिल्यांदा बोट लावलं ते माझ्याच पट्टीला. तरीही नसते झाले. ज्या उंचीवर मला बांधलं, त्या उंचीवर उभं राहणं, एवढंच माझं काम. पण ते तीन चेंडू मला अजून दुखतात.

"घाई करतेयस," कडेवरून सुलक्षणा ओरडली. "राग आईवर काढ, चेंडूवर नको."

मंजुळा थांबली. तिने आईकडे एकदा बघितलं. मग ती एक पाऊल मागे गेली, उशिरा धावली आणि उडाली. चेंडू माझ्या पट्टीवरून वीतभर उंच गेला. पाचवा गेला. सहावा गेला. शेवटपर्यंत एकही माझ्याकडे आला नाही. दहातले सात.

"सुलक्षणा आठ, मंजुळा सात," नलिनीताई म्हणाल्या.

मंजुळाने मान हलवली. पार्वतीबाईंनी दोरीचं उरलेलं टोक बोटांभोवती गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"एक मिनिट, ताई," सुलक्षणा पुढे आली. "तिने ताठ जाळीवर मारले, माझे ढिल्या जाळीवरचे. मीपण परत मारणार. उद्या घाटकोपरला कोणी म्हणायला नको, की मंजीच्या आईच्या दोरीने मला संघात घेतलं."

"नीट विचार कर," नलिनीताई म्हणाल्या.

"केला. टाका चेंडू."

तिने जीव तोडून मारले. पण त्या दुपारी खांदा थकला होता. दोन चेंडू बाहेर गेले, दोन मी अडवले. सहा पडले. सुलक्षणा कमरेवर हात ठेवून उभी राहिली, श्वास घेतला आणि म्हणाली, "वाट लागली यार." मग मंजुळाच्या पाठीत तिने असा रट्टा दिला, की आवाज खांबापर्यंत आला. "जा गं. पण तिथे मधून मारताना लाजू नकोस."

पाचच्या आधी यादी गेली. बारावं नाव मंजुळाचं.

पुढचे चार दिवस मी काय सांगू? एकेका देशाचा संघ तासभर माझ्यापाशी येऊन गेला. सहा संघ, बहात्तर मुली. कोणाच्या वेण्या, कोणाचे आखूड केस, कोणाच्या गुडघ्यांना पट्ट्या. भाषा एकीची दुसरीला कळत नव्हती, पण चेंडू जाळीला लागला की सगळ्यांच्या तोंडून एकच आवाज निघे. पहिल्याच दिवशी, नवी तार यायच्या आधी, एका पाहुण्या संघाच्या उंच प्रशिक्षिका आल्या, त्यांनी स्वतःची काठी काढली आणि खांबांकडे न बघता थेट माझ्या मध्यावर ठेवली. दोनदा बघितलं. मग दोरीच्या गाठीवर बोट फिरवत खुणेने विचारलं, ही कोणी बांधली?

नलिनीताईंनी फाटकाकडे हात केला. तिथे पार्वतीबाई एका गिऱ्हाइकाशी पापलेटावरून भांडत होत्या. त्या बाईंनी तिथूनच हात जोडले. पार्वतीबाईंनी इकडेतिकडे बघितलं आणि मासळीचे हात लुगड्याला पुसून त्यांनीही जोडले.

मित्रांनो, किती सामने जिंकले, किती हरले, ते तुम्ही मोठ्यांना विचारा. मी तिथे नव्हते. मला आठवते ती निघायची सकाळ. आपल्या देशाच्या बारा मुली नवे सदरे घालून माझ्यासमोर ओळीने उभ्या होत्या, आणि शेवटी उभी होती ती माझ्या अंगणातली. सुलक्षणा तिची बॅग उचलून गाडीपर्यंत सोडायला आली होती. त्या दिवशी मी जितकी ताठ होते, तितकी कधीच नव्हते.

आता मी शाळेच्या सामानाच्या खोलीत असते. वर्षातून दोनदा मला बाहेर काढतात. मुलं घाईत असतात. कसंतरी बांधतात आणि खेळायला लागतात. तुम्ही घाई करू नका. मला ओली गुंडाळू नका, फाटलं घर वेळेत जोडा. आणि बांधून झाल्यावर काठी कडेला लावून थांबू नका. चार पावलं चालून माझ्या मध्यापर्यंत या. कमी भरलं तर मोठ्याने सांगा, मग उडी तुमच्या जवळच्या माणसाची का असेना.