कागदावरची दोन माणसं

सातवा महिना लागायच्या आधी रजेचा अर्ज द्यावा, म्हणून दिव्यश्री किरणकुमारच्या केबिनमध्ये गेली. व्हाइटफील्डच्या त्याच्या सलूनमध्ये तिला आठ वर्षं झाली होती. हात इतका चांगला, की आयटीवाल्या बायका तिची वेळ मिळावी म्हणून ताटकळत बसत. किरणकुमारही तिच्यासारखाच बंगळूरच्या जुन्या मराठी घरातला. ती त्याला अण्णा म्हणायची.

त्यानं अर्ज वाचला आणि घडी घालून परत दिला.

"रजा हवी तेवढी घे. पण पगारी कशी देऊ? तू इथं नोकरीला नाहीस."

अण्णा चेष्टा करतोय असं वाटून ती हसलीसुद्धा. "मग मी कोण?"

"स्वतःचा धंदा करणारी. पहिल्याच दिवशी करारावर सही केलीस की तशी." मग समजावणीच्या सुरात तो म्हणाला, "हे बघ, बाळंतपणाच्या पगारी रजेचा कायदा निदान दहा नोकर असले तरच लागतो. कागदावर इथं दोघंच नोकर आहेत. माझी बायको आणि मेहुणा."

काचेपलीकडं काळे एप्रन घातलेली माणसं काम करत होती. दिव्यश्रीनं ती मोजली. तिला धरून चौदा. त्यांत ना त्याची बायको होती, ना मेहुणा. अर्ज पर्समध्ये घालून ती बाहेर आली.

के. आर. पुरमला तिच्या घराच्या खालच्या मजल्यावर विद्याधर राहायचा. लोकांचे आयकराचे कागद करून द्यायचा. संध्याकाळी त्यानं तिचा पॅन नंबर घालून संगणकावर तिचं आयकराचं खातं उघडलं.

"दर महिन्याला कापलेले पैसे इथं दिसतात," तो म्हणाला.

"तो पीएफ. घराच्या डिपॉझिटला काढणार आहोत आम्ही."

विद्याधरनं चष्मा काढला. "अक्का, पीएफ नाही हा. धंद्याच्या कमाईवरचा कर आहे. विवरणपत्र भरलं असतंस तर परत मिळाला असता. आता मुदत संपून बरीचशी वर्षं हातची गेली."

तिनं पडद्यावरचे आकडे एका कागदावर उतरवून घेतले. त्या रात्री तो कागद तिनं नवऱ्यापुढं, गुरुदत्तपुढं, ठेवला.

चार दिवसांनी विद्याधर तिला घेऊन कामगार कार्यालयात गेला आणि तिनं किरणकुमारविरुद्ध तक्रार दिली. सुनावणीला अधिकारीबाईंनी दिव्यश्रीला मोजकेच प्रश्न विचारले. कामाची वेळ कोण ठरवतं? हजेरी कशी? दर कोण लावतं?

"वेळ आणि दर अण्णा ठरवतात. अंगठा लावायचा, दहा मिनिटं उशीर झाला की शंभर रुपये दंड. गिऱ्हाइकाच्या घरी जायची बंदी. कात्री तेवढी माझी."

"धंदेवाल्याला दंड कसला लावता?" बाईंनी किरणकुमारला विचारलं. त्यानं तिची सही असलेला करार पुढं सरकवला.

निकाल लागेपर्यंत वर्ष गेलं असतं. दिवस भरत आले होते. म्हणून तिनं तडजोड केली. तीन महिन्यांच्या पगाराएवढे पैसे मिळाले. कायद्यानं मिळायला हवे होते त्याच्या निम्मे. किरणकुमारनं तिला परत कामावर घेतलं नाही, आणि ती गेलीही नसती.

मुलगी झाली. ती चार महिन्यांची झाल्यावर दिव्यश्रीनं घराच्या पुढच्या खोलीत आरसा लावला, खुर्ची आणली. जुन्या गिऱ्हाइकांतल्या दोघी पहिल्याच आठवड्यात आल्या. आता ती खरोखरच स्वतःचा धंदा करत होती. तिनं हिशेबाला एक जाड वही आणून पहिल्या पानावर तारीख घातली.