बियाची काकडी

चैत्र संपता संपता ताहेराच्या परसातल्या वेलांवर एकच काकडी उरली, आणि त्या एका काकडीत घाटघरच्या सरूबाईचं पुढचं सगळं पेरणं अडकून बसलं होतं.

सरूबाई दर रविवारी एसटीने जुन्नरच्या बाजाराला यायची. हिरडा, करवंदं, डोंगर ज्या महिन्यात जे देईल ते पाटीत घालून दिलावरच्या पत्र्याच्या दुकानाच्या सावलीत बसायची. पंधरा-सोळा वर्षांच्या त्या बसण्यातून दिलावरच्या बायकोशी, ताहेराशी, तिचं मैत्र जुळलं होतं. महाशिवरात्रीनंतरच्या रविवारी मात्र पाटी टेकवण्याआधीच तिने कनवटीची गाठ सोडली. फडक्यात अकरा बिया होत्या.

"गेल्या साली पाऊस दिवाळीपत्तुर हलला न्हाई," ती म्हणाली. "बियाला राखलेल्या समद्या काकड्या येलावरच सडल्या. एवढंच ऱ्हायलंय. माज्या सासूच्या सासूचं बी हे, भाबी. दुकानात मिळायचं न्हाई. आमच्याकडं आता प्यायला पाणी न्हाई, येलाला कुठनं घालू? तुमची हीर हाय. जेठात टोकायला मूठभर करून द्या."

"आणि नाही आलं तर, सरूबाई?"

"मंग संपलं," सरूबाई म्हणाली. शेवटची गाडी निघून गेली हे सांगावं तितक्या साधेपणाने.

तो साधेपणाच ताहेराला लागला. एखादी गोष्ट जगातून कायमची जाते तेव्हा तिच्यासाठी कुठे दिवा विझत नाही, घंटा वाजत नाही. कुणीतरी पाटी उचलतं आणि गाडीच्या वेळेला चालू लागतं. तिने फडक्याची घडी मुठीत घेतली तेव्हा अकरा बियांना वजन म्हणून काही नव्हतंच, तरी तिचा हात जडावला.

परस म्हणजे दुकानामागची विहीर, विहिरीला धरून दोन वाफे, आणि दिलावरने कापून, कडा वळवून दिलेले तेलाचे वीस-बावीस डबे. डब्यांत मोगरा होता, अबोली होती, मिरच्या आणि वांगी होती. ताहेराने काकडीला विहिरीजवळचा वाफा दिला. मुलगी अर्शिया लग्न होऊन मंचरला गेली तेव्हापासून तिच्या हातांना सकाळच्या वेळी दुसरं काही धरायला नव्हतं.

उन्हाळा मात्र त्या वर्षी कोणत्याच शब्दाला जागला नाही. अकरापैकी आठ बिया रुजल्या आणि त्याच आठवड्यात अवेळी पाऊस येऊन तीन रोपं बुडातून कुजवून गेला. मग आभाळ असं कोरडं झालं की जणू त्याला पाण्याची ओळखच नव्हती. पारा एक्केचाळिसावर गेला. पत्र्याचे डबे तापून मुळं आतल्या आत शिजू लागली, तेव्हा ताहेराने त्यांना गोणपाटं गुंडाळली आणि ती दिवसातून तीनदा भिजवू लागली. वेलांवर जुन्या ओढण्यांचं छत बांधलं. वेल वाढले, फुललेसुद्धा. पण फुलं सगळी नराची. पिवळीधमक, दिमाखदार आणि पोकळ. रोज पहाटे ती एकेक फूल उलटून पाहायची. फुलामागे बोटाएवढी हिरवी गाठ दिसावी, एवढंच तिचं मागणं होतं.

"अगं, फुलांची झडती काय घेतेस पोलिसासारखी?" दिलावर हसायचा.

"तुम्ही तुमचे डबे ठोका."

चैत्राच्या मध्यावर तशी फुलं आली. तीन. तिने नराचं फूल तोडून, त्याच्या पाकळ्या सोलून, परागाचं टोक त्या तिन्हींना हलकेच टेकवलं. दोन गाठी उन्हाने पिवळ्या पडून गळल्या. तिसरी धरली.

सरूबाईने पुढच्या रविवारी ती पाहिली आणि आपल्या पदराच्या काठाची चिंदी फाडून देठाशी सैल बांधली.

"ही बियाची. आमच्यात चिंदी बांधल्या फळाला कुणी हात लावत न्हाई."

"गल्लीतल्या माकडांना माहितीय का हे?" दुकानाच्या दारातून दिलावरने विचारलं.

"माकडाला कळतंय, भाऊ. माणसाचं सांगता येत न्हाई."

काकडी वाढली. खायच्या वयाची झाली आणि ते वय ओलांडून गेली. तिची साल जाड, निबर झाली. वैशाखाच्या दुसऱ्या आठवड्यात टोकाला बोटभर पिवळेपण उतरलं. ताहेराच्या हिशेबाने बी पिकायला अजून दोन आठवडे. त्याच सुमाराला अर्शियाचा फोन आला. वेफर्ससाठी दोन पोती बटाटे आणलेत, सासूबाईंची कंबर धरलीय, तू ये. ताहेरा दोन दिवसांसाठी मंचरला गेली. जाताना दिलावरला पाण्याच्या वेळा तीनदा सांगितल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंचरच्या गच्चीवर, प्लास्टिकच्या कागदावर बटाट्याच्या चकत्या पसरताना तिला उत्तरेला काळं चढताना दिसलं. जुन्नरच्या अंगाला. तिने फोन लावला. दिलावरने उचलला नाही. पुन्हा लावला. "आई, चकत्या गोळा कर, चकत्या!" अर्शिया ओरडत होती, आणि ताहेरा एका हाताने कागद दुमडत दुसऱ्या हातातला फोन कानाला धरून तशीच उभी राहिली.

सकाळी ती घरी पोचली. चपला न काढता थेट परसात गेली. वेल उभा होता. ओढण्यांचं छत जागेवर होतं. मोगऱ्याची एक फांदीसुद्धा मोडली नव्हती. पाऊस इकडे आलाच नव्हता. नुसतं वारं घोंघावून ओतूरच्या बाजूला निघून गेलं होतं. पण वेलावर, जिथे चिंदी असायची तिथे, तुटलेल्या देठाचं ओलं टोक होतं.

स्वयंपाकघरात टोपली भरलेली होती. कच्ची वांगी, अर्ध्या वाढीच्या मिरच्या, मुक्या कळ्यांचा मोगरा. आणि सगळ्यांच्या वर काकडी. चिंदीसकट.

"काय केलंत तुम्ही हे?"

दिलावर दारात उभा होता. त्याचा चेहरा आधीच पडलेला होता. "मोबाइलवर मेसेज आला होता, गारपिटीचा. वारं सुटलं, दुकानाचे पत्रे उडायला लागले. मला काय सुचेना. दिसलं ते आत घेतलं."

"चिंदी दिसली नाही?"

"दिसली ना," तो म्हणाला. "म्हणून तर तीच आधी तोडली."

जुन्नर-मंचरकडची माणसं अशीच आहेत. उघड्यावर कांदा पडलेला असताना गडगडाट ऐकत ती लहानाची मोठी होतात. आभाळ गुरगुरलं की हात आधी माल आत ओढतात, डोकं मागाहून पोचतं. दिलावरच्या घराण्यात तीन पिढ्या कुणी कांदा पिकवला नव्हता, पण हात त्याच मातीतले. जे सगळ्यात मोलाचं ते सगळ्यात आधी उचलायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. ताहेराला हे समजत होतं, आणि समजल्यामुळे राग कमी होत नव्हता. जो वैरी नाही त्याच्यावरचा राग कुठे ठेवावा, हे कळत नाही. तो अंगातच उन्हासारखा मुरतो.

तिने काकडी उचलली. फेकवेना. धान्याच्या खोलीत, अंधारात, कोठीच्या झाकणावर तिने ती ठेवून दिली आणि दोन दिवस दिलावरशी अवाक्षर बोलली नाही. फळ गेलेल्या वेलाला ती तरीही पाणी घालत राहिली. अजून एखादं फूल येईल, धरेल. जेठाआधी पिकेल का, हे स्वतःला विचारायचं ती टाळत होती.

तिसऱ्या दिवशी चार वाजता, ना मेसेज, ना वारं, एकदम आभाळ कोसळलं. आधी विहिरीवरच्या पत्र्यावर एकच टणत्कार झाला, मग दहा, मग मोजण्यापलीकडे. लिंबाएवढ्या गारा. डबे वाजत होते, छत फाटत होतं, अबोलीचे तुरे मुळाशी येऊन पडत होते. दोघं नवराबायको मागच्या दारात उभी राहून बघत होती. परसात पांढऱ्या थराखाली हिरवं काही दिसेनासं झालं. पाव तास. मग जसं आलं तसं थांबलं, आणि उन्हाने असा चेहरा केला की जणू ते मधल्या वेळात इथे नव्हतंच.

काकडीच्या वेलाची दोरी झाली होती. पान नाही, फूल नाही. जिथे चिंदीची काकडी लोंबत असायची तिथला मांडव मोडून वाफ्यात पडला होता, आणि त्यावर गारा वितळत होत्या.

बघ, तोडली म्हणून वाचली, असं दिलावर म्हणू शकला असता. पण त्याने आत जाऊन खराटा आणला आणि गारा एका बाजूला लोटायला सुरुवात केली. ताहेरा त्याच्या पाठीकडे बघत राहिली. अंगात मुरलेलं काहीतरी त्या गार हवेत हळूहळू उतरत गेलं.

"चहा टाकू?" तिने विचारलं.

"आलं घाल थोडं," तो मागे न वळता म्हणाला.

पण काकडीच्या पोटात काय आहे, हे अजून कुणालाच माहीत नव्हतं. रविवारी सरूबाई आली. तिने परस पाहिलं, मग धान्याच्या खोलीतली काकडी पाहिली. अंगठ्याने दाबली, देठाचा वास घेतला.

"भाऊ, चिंदी दिसली न्हाई व्हय तुमाला?"

"दिसली म्हणून तोडली, मावशी," दिलावर म्हणाला. या वेळी त्याचा आवाज अगदी खाली होता.

सरूबाई पदर तोंडाला लावून हसली. "लई शाना माणूस हाय तुमचा, भाबी. तोडताना पिवळी व्हती का?"

"टोकाला. बोटभर."

"मंग जीव हाय. तोडली तरी आतलं बी काकडीच्या अंगावर पीत ऱ्हातंय. ऱ्हाऊ द्या अंधारात. मऊ पडंपत्तुर कापू नका. पर सडाया लागली तर मातुर थांबू नका."

ते दोन आठवडे ताहेराने परस नव्याने उभं केलं. मोडलेल्या फांद्या छाटल्या, डब्यांतली धुपलेली माती भरली, मोगऱ्याला शेणखत दिलं. मोगऱ्याने ठेचलेल्या खोडातून कोंब काढले. पण तिचं चित्त कोठीच्या झाकणावर होतं. काकडी हळदीसारखी पिवळी झाली, मग विटकरी. सालीवर बारीक जाळीच्या भेगा उमटल्या. दहाव्या दिवशी देठाकडे एक ओला डाग दिसला. रुपयाएवढा. दुसऱ्या दिवशी तो वाटीएवढा झाला. पिकणं आणि कुजणं एकाच फळात, एकाच अंधारात शर्यत लावून धावत होती, आणि तिला फक्त बोट लावून बघता येत होतं. रविवार अजून तीन दिवसांवर होता. ती डागावर हळद दाबत राहिली.

रविवारी सरूबाईने विळीवर काकडी उभी चिरली. आंबट, जड वास खोलीभर झाला. देठाकडचा वीतभर भाग काळा पडला होता. तो तिने बाजूला टाकला. उरलेला गर बोटांनी घमेल्यातल्या पाण्यात कोळला, बिया चोळून चोळून मोकळ्या केल्या आणि हात बाहेर काढला.

"आता गप बसा," ती म्हणाली. "पोकळ असंल ते वर ऱ्हाईल."

पाणी गढूळ होतं. वर बिया तरंगताना दिसत होत्या, बऱ्याच. पांढऱ्या, चपट्या, हलक्या. ताहेराने डोळे मिटले. दिलावर दुकानातून हातोडी घेऊनच आला होता. ती त्याच्या हातात तशीच राहिली. सरूबाईने ओंजळीने वरचं पाणी, गर आणि तरंगणाऱ्या बिया काढून टाकल्या. दुसरं पाणी घातलं. तेही ओतलं. तिसऱ्या पाण्याला तळ दिसला.

तळाशी बिया होत्या. भरलेल्या, टोकदार, सायीच्या रंगाच्या. एकमेकींना चिकटून, हलवल्या तरी न उठणाऱ्या. सरूबाईने एक दाताखाली धरली. कट् असा आवाज झाला.

"भरलंय," ती म्हणाली. आणि मग, इतक्या वेळाने, ती खाली बसली. "भाबी, भरलंय हो बी."

ताहेराने नुसता हात घमेल्यात घातला आणि तळाशी ठेवला. साठ-सत्तर तरी असाव्यात. एवढ्याशा पाण्यात त्यांचं वजन तिच्या तळव्याला स्पष्ट लागत होतं.

"राख द्या," सरूबाई लगेच उठली. गॅसच्या घरात राख कुठली. दिलावरने दुकानात पत्र्याच्या सांध्यांना डाग द्यायच्या आपल्या शेगडीतली चाळून आणली. सरूबाईने अर्ध्या बिया त्या राखेत आणि मूठभर शेणात मळल्या, आणि कुणी काही म्हणायच्या आत स्वयंपाकघराच्या भिंतीवर गोळा थाप्‌दिशी मारला.

"अहो मावशी!" दिलावर कळवळला. "ईदला रंग दिलाय त्या भिंतीला!"

"द्या की पुढल्या ईदला आणिक. भिंतीवर उंदीर चढत न्हाई आन् वल लागत न्हाई." ती दुसरा गोळा थापत होती. "निम्मं बी तुमच्या भिंतीला, निम्मं माज्या. समदं एका घरात ठिवलं की काय व्हतंय ते बघितलं न्हवं आपण?"

उरलेल्या बिया तिने फडक्यात बांधल्या, कनवटीला खोचल्या आणि गाडीची वेळ झाली म्हणून पाटी डोक्यावर घेतली. दिलावर तिला सोडायला स्टँडपर्यंत गेला. पाटी त्यानेच धरली, आणि गल्लीच्या टोकापर्यंत दोघांचं रंगावरून चाललेलं भांडण ऐकू येत होतं.

ताहेराने घमेलं धुतलं, विळी धुतली. मागच्या दाराशी चटई टाकून क्षणभर पाठ टेकावी म्हणून ती आडवी झाली. बाहेर ऊन होतं की ढग, हे तिने पाहिलं नाही. कितीतरी आठवड्यांनी ती दुपारी झोपली, आणि चहाची वेळ टळून गेली तरी उठली नाही.