सरकीची चाल

रामा पलटणीत गेला तर दौलतरावांना एक खुर्ची मिळणार होती. वाशीमला साहेबाचा दरबार भरे तेव्हा लढाईला माणूस देणाऱ्याला पहिल्या रांगेत खुर्ची. बाकीच्यांनी जाजमावर मांडी घालायची. दौलतरावांचे गुडघे तसेही मांडीला कुरकुरत. एका पारड्यात एकुलता मुलगा, दुसऱ्यात खुर्ची, आणि काटा अडला होता एकाच गोष्टीपाशी: लढाई आहे तेवढीच राहते, की वाढते.

म्हणून एकेचाळीस सालच्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, ऊन कलल्यावर, ते किन्हीराजाच्या शिवारात उकंडरावांच्या शेताच्या धुऱ्यावर टेकले होते आणि जपान कशाचा करावा, यावर त्यांच्याशी वाद घालत होते.

मांडणी उकंडरावांच्या आजोबांपासूनची. आखाजीला वावरात धान्याचं गोल रिंगण करायचं, मधोमध पाण्याचा घट आणि त्याच्या पायाशी राजाचं पान, सुपारीसकट. रात्री तिकडे कोणी फिरकायचं नाही. पहाटे कोणतं धान्य कुठे सरकलं ते पाहून उकंडराव वर्षाचं पीकपाणी सांगत. या वर्षी गावाला पावसापेक्षा लढाईची काळजी जास्त. इंग्रज म्हणजे राजाचं पान, ते होतंच. जर्मन म्हणून हरभरा पानाला भिडवून ठेवला होता.

"जपान सरकी करा," दौलतराव म्हणाले. "आपला कापूस नेते तो. अन् सांगून ठेवतो, उकंडभाऊ, तो काई लढाईत उतरत नाई. गिऱ्हाइकानं दुकान जाळल्याचं आयकलं का कदी?"

"दुकानच हाती येत असन तं गिऱ्हाईक कायले राहीन?" उकंडराव सरकीची ढिगोळी लावत म्हणाले. "इंग्रजाचे दोनी हात जर्मनापाशी गुतले. मानूस असा गुतला की शेजारी त्याच्या वावरात ढोरं घालते का नाई?"

"तुमच्यासारखा शेजारी असला तं घालते."

"मंग थांबा सकाळलोक. मांडनीनं म्हनलं नाई वाढत, तं धाडा पोराले."

"धाडतो. वाढते म्हनलं तं नाई धाडत. एकच हाय बापा."

रामाला विचारावं, हे दोघांच्याही मनात आलं नव्हतं. उकंडरावांच्या रंगूशी त्याचं लग्न ठरलं होतं. तिला विचारायचा तर प्रश्नच नव्हता. ती आईसोबत घागर घेऊन आली होती. आईने, कस्तुराबाईने, घट ठेवून दिला आणि जाताना एकदाच वळून सरकीकडे पाहिलं.

सगळे गेल्यावर उकंडरावांनी भोवती सडा टाकला आणि कडुलिंबाच्या डहाळीने जमीन निपटली. उंदीर आला, कोल्हा आला, तर पाऊल उमटावं.

पहाटे ते रीतीप्रमाणे एकटेच आले. हरभरा जागच्या जागी होता. सरकी मात्र ढिगोळी सोडून निघाली होती आणि थेट राजाच्या पानाला जाऊन भिडली होती. ओळीने. एकीमागे एक, सारखं अंतर ठेवून.

उंदीर सरकी खातो. ओळीत लावत नाही. उकंडराव खाली बसले. ही ओळ त्यांच्या ओळखीची होती. दर उन्हाळ्यात त्यांच्या अंगणात कुरडया अशाच वाळत पडत. मग पाऊल दिसलं. बोटापाशी जोडव्याचा गोल, आणि गोलाच्या एका बाजूला बारीक खरड. ते जोडवं गेल्या वर्षी चिरलं होतं. सोनाराकडे नेतो, नेतो म्हणत त्यांनी नेलं नव्हतं.

त्यांनी गावाकडे पाहिलं. घरावर चुलीचा धूर चढत होता, अगदी साळसूद. त्यांनी तळहाताने पाऊल पुसलं आणि लोकांना हाक दिली.

"काय म्हन्ते?" दौलतराव धापा टाकत आले.

"जपान उतरते," उकंडराव म्हणाले. "राजा राहीन. पन पोट्टे लय जातील."

दौलतरावांनी सरकीची ओळ बराच वेळ पाहिली. मग फेटा काढून घाम पुसला आणि गावाकडे वळले.

दुपारी कस्तुराबाईने जेवायला वाढलं. आमरस होता.

"रामाले थांबवलं दौलतभाऊनं," उकंडराव ताटाकडे पाहत म्हणाले.

"बरं झालं," ती म्हणाली आणि न मागता दुसरी वाटी भरली.

"त्याच्या जागी खेमा चालला. तांड्यातल्या रामीचा."

रसाची पळी वाटीवरच राहिली.

"रामीचा? काहून?"

"दौलतभाऊनं साहेबाले कबूल केलं होतं, गावातून एक पोट्टा देतो. कोनता, ते नवतं सांगतलं. खेमा त्याच्याच घरी नांगर हाकते. त्याले बुटाचा शौक."

रस गळून ताटात पडला. उकंडरावांनी तो भाकरीने टिपून घेतला. 

थंडीत जपान लढाईत उतरला. उकंडरावांचं नाव पार कारंज्याच्या बाजारापर्यंत गेलं. अडत्ये पागोटी सांभाळत घरी येऊ लागले, चहा पिऊन पुढचं विचारू लागले. उकंडराव म्हणत, आखाजीला या. माघात रंगूचं लग्न झालं. दौलतराव दरबारात खुर्चीवर बसून आले आणि खुर्चीला हात होते, हे मांडवात सगळ्यांना सांगत फिरले. पुढे सिंगापूर पडलं. खेमा तिकडेच होता. त्याच्याकडून काही आलं नाही, सरकारातूनही नाही.

खेमाची आई, रामीबाई, पायातले जाड पितळी वाळे वाजवत कस्तुराबाईकडे येऊन बसू लागली. काही मागत नसे. कस्तुराबाई तिच्यापुढे निवडायला डाळ सरकवी आणि दोघी निवडत बसत.

पुढच्या आखाजीला वावर माणसांनी भरलं. कारंज्याची मंडळी छकडे जुंपून आली होती. उकंडराव पहाटे त्यांच्या आधी पोचले. पान जागेवर होतं. संध्याकाळी पानाला भिडवलेली सरकी तिथून निघून, रिंगण ओलांडून, पार पलीकडच्या कडेला गेली होती. ओळ आता तितकी सरळ नव्हती. एक दाणा नेटका, एक वेडावाकडा. सड्यावर चिरलेलं जोडवं होतं. आणि शेजारी एक रुंद पाऊल, टाचेमागे जाड पितळी वाळ्याने ओढलेली रेघ.

बर्माही जपानकडे चालला होता. पेपर गावात येत होता, उकंडरावांनी तो कालच ऐकला होता. त्यांनी दोन्ही पावलं पुसली. मग उभे राहिले. गर्दीच्या मागे, बाभळीखाली रामीबाई पदर दातात धरून उभी होती.

"जपान मागं सरते," ते मोठ्याने म्हणाले. "तिकडचे पोट्टे घरी येतील."

कारंज्याचा एक जण हसला. दौलतराव जवळ आले.

"उकंडभाऊ, पेपरात तं उलटं हाय."

"मांडनी पेपर वाचत नाई, दौलतभाऊ."

घरी जाताना कस्तुराबाई दोन पावलं मागे चालत होती.

"जोडवी काढून जात जाय," उकंडराव न वळता म्हणाले.

कस्तुराबाईने पावलं भरभर टाकून त्यांना गाठलं.

"सवाशिनीनं जोडवी काढावी म्हन्ता?" ती म्हणाली. "त्यापरीस सोनाराकडं नेलं असतं तं कळलंबी नसतं तुमाले."

त्या वर्षी जपान मागे सरला नाही. छकडे पुन्हा आले नाहीत. उकंडरावांनी पावसाचं सांगितलं, तरी लोक ढगांकडे पाहून खात्री करून घेऊ लागले. खुर्ची दौलतरावांकडे राहिली, जावई उकंडरावांना मिळाला, आजोबांपासूनचा शब्द उकंडरावांनी खर्ची घातला. आणि तो कशावर, हे कोणाला सांगितलं नाही. रामीबाईचं जे गेलं होतं, त्यापुढे तो खर्च त्यांना फार वाटत नव्हता.

त्रेचाळीसच्या आखाजीला वावरात तिघंच होती. उकंडरावांनी घट मांडला, पान ठेवलं, हरभरा ठेवला. मग सरकीची मूठ रामीबाईपुढे धरली.

"रामीबाई, उजेड हाय तोवर तुमीच ठेवा. कुठं ठेवा वाटते तिथं."

रामीबाईने सरकी ओंजळीत घेतली. रिंगणाभोवती एक फेरी मारली, थांबली. कस्तुराबाईकडे पाहिलं. मग पदराचं टोक पुढे घेऊन तिने सगळी सरकी त्यात घातली आणि गाठ मारली, घट्ट.

उकंडरावांनी सडा टाकला. त्या वर्षीच्या मांडणीत जपान नव्हता.